अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तार

१६ ऑगस्ट १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांना एक तार पाठवली. मजकूर जेमतेम शंभर शब्दांचा. अटलांटिक महासागराखालून तो पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं! त्याच सुमारास जमिनीवरच्या तारायंत्रावर एवढा मजकूर काही मिनिटांत जात असे. वीज तीच आणि तांबंही तेच. मग पाण्याखाली गेल्यावर असं काय बिघडतं?

व्हिक्टोरियन काळातल्या धाडसी उद्योगांची यादी करायला बसलं तर रेल्वे, बोगदे, पूल, आगबोटी असं बरंच काही हाती लागेल. मला मात्र त्यात ही तार सगळ्यांत वरची वाटते. इथे वादळाशी आणि समुद्राच्या खोलीशी झुंज होतीच, शिवाय जी गोष्ट कोणालाच नीट कळलेली नव्हती ती कळून घेण्याचीही झुंज होती. लाखो पौंड पाण्यात गेल्यावर ती कळली.

आधी तारेची घडण पाहू. हवेतून जाणाऱ्या तारेला खांबावरच्या चिनी मातीच्या वीजरोधक चिमण्या पुरतात, बाकी हवाच आवरणाचं काम करते. समुद्राचं खारं पाणी मात्र वीज वाहून नेतं, त्यामुळे उघडी तार पाण्यात टाकली की वीज तिथेच पसरून जाते. तांब्यावर पाणी न शिरणारं काहीतरी चढवायला हवं. रबर टिकत नव्हतं. उत्तर मिळालं मलायाच्या जंगलात. तिथल्या एका झाडाचा चीक वाळवून गटापर्चा नावाचा पदार्थ होतो. गरम पाण्यात तो मऊ पडतो, हवा तो आकार घेतो आणि गार झाला की कडक होतो. समुद्रतळाच्या थंडीत आणि दाबाखाली तर तो जास्तच चांगला टिकतो. विल्यम मॉन्टगोमेरी या सिंगापुरातल्या डॉक्टराने त्याचे नमुने १८४३ मध्ये लंडनला पाठवले आणि काही वर्षांतच त्याची मोठी कारखानदारी उभी राहिली. त्याची किंमत जंगलाने मोजली. चीक काढायचा तर अख्खं झाड तोडत आणि एका झाडातून निघे थोडाच. सिंगापूरच्या आसपासची ही झाडं बघता बघता संपली. जग जवळ आणल्याच्या गोष्टी सांगताना हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

१८५१ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीत अशी तार पडली आणि ती चालली. अंतर थोडं होतं, पाणीही उथळ होतं. तेवढ्याने लोकांना हुरूप आला.

आता सायरस फील्ड. न्यूयॉर्कचा कागदाचा व्यापारी. तिशीतच भरपूर पैसा कमावून धंद्यातून जवळजवळ निवृत्त झालेला. विजेतलं त्याला काही कळत नव्हतं. १८५४ मध्ये न्यूफाउंडलंड बेटावर तार टाकण्याची एक अर्धवट राहिलेली योजना त्याच्यापुढे आली. घरातल्या पृथ्वीच्या गोलाकडे बघताना, तार इथवर येणारच असेल तर पुढे थेट आयर्लंडपर्यंत का नेऊ नये, असं त्याच्या मनात आलं, असं सांगतात. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. मधली खोली तीन-चार किलोमीटर. इतक्या खोल पाण्यात तोवर कोणी तार टाकलेली नव्हती. फील्ड इंग्लंडला गेला, १८५६ मध्ये कंपनी उभी केली आणि भांडवल भराभर जमलं. मुख्य इंजिनिअर झाला २४ वर्षांचा चार्ल्स ब्राइट. विजेच्या बाजूची जबाबदारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांच्याकडे गेली. हे पेशाने सर्जन, विजेचे प्रयोग हौसेने केलेले. संचालक मंडळात आणखी एक जण होता, ग्लासगो विद्यापीठाचा प्राध्यापक विल्यम थॉमसन. बावीसाव्या वर्षी प्राध्यापक झालेला हा माणूस पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगाला माहीत झाला.

सगळं नाट्य घडलं ते व्हाइटहाउस आणि थॉमसन यांच्यात.

समुद्राखालच्या तारेत मधे तांबं असतं, भोवती गटापर्चा आणि त्याबाहेर खारं पाणी. तांब्यातून वीज जाऊ शकते, पाण्यातूनही जाऊ शकते आणि या दोघांना एक पातळ थर वेगळं ठेवतो. अशी मांडणी विद्युतभार साठवून ठेवते. आज आपण तिला कपॅसिटर म्हणतो. तारेच्या एका टोकाला बॅटरी जोडली की आत शिरलेली वीज सरळ पलीकडे पळत नाही. वाटेतली तार भारत भारत ती पुढे सरकते. मायकल फॅरडे यांनी १८५४ मध्ये हे ओळखलं होतं.

शेताला पाणी द्यायचा लांबलचक, मऊ रबरी पाइप डोळ्यासमोर आणा. मोटर चालू केली तरी दुसऱ्या टोकाला लगेच धार लागत नाही. आधी पाइप भरतो, फुगतो, मग हळूहळू पाणी येऊ लागतं. मोटर बंद केल्यावरही फुगलेला पाइप रिता होईपर्यंत पाणी येतच राहतं. आता अलीकडच्या माणसाने मोटर भराभर चालू-बंद केली तर पलीकडच्याला ते झटके कळणारच नाहीत. त्याला दिसेल ती किंचित कमीजास्त होणारी एक संथ धार. तारेतही असंच होतं. कट्ट-कडकट्ट म्हणून पाठवलेले ठळक, तुटक ठोके पलीकडे पोचेपर्यंत पसरट होतात आणि एकमेकांत मिसळतात. मधे भरपूर वेळ सोडला तरच ते वेगळे ओळखता येतात. राणीच्या शंभर शब्दांना १६ तास लागले, त्याचं एक मोठं कारण हे.

थॉमसन यांनी याचं गणित मांडलं. तापलेल्या धातूत उष्णता कशी पसरत जाते याचं समीकरण फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने आधीच लिहून ठेवलं होतं. तारेतली वीजही त्याच समीकरणाने पसरते, हे थॉमसन यांच्या लक्षात आलं. त्यातून जो नियम निघाला तो गुंतवणूकदारांना घाम फोडणारा होता. तारेची लांबी दुप्पट केली की वाटेतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दुप्पट होतो आणि साठणारा भारही दुप्पट होतो. दोन्हींचा गुणाकार होऊन दिरंगाई चौपट होते. लांबी दहापट केली तर शंभरपट आणि शंभरपट केली तर दहा हजारपट! इंग्लंड-फ्रान्समधल्या चिमुकल्या खाडीत जो दोष कोणाच्या लक्षातही येत नव्हता, तो अटलांटिकमध्ये सगळ्या धंद्याच्या मुळावर येणार होता.

उपायही त्याच गणितात होते. तांबं जाड घ्या, म्हणजे रोध कमी होईल. गटापर्चाचा थर जाड करा, म्हणजे भार कमी साठेल. आणि पलीकडे इतकं नाजूक यंत्र ठेवा, की प्रवाह पुरता चढायची वाट न पाहता त्याची पहिली चाहूलच टिपता येईल.

व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हतं. प्रयोगशाळेत बसून काढलेला नियम प्रत्यक्षात लागू पडत नाही, असं ते जाहीर सभेत म्हणाले. त्यांचा भरवसा होता जोरावर. तार लांब आहे ना, मग अलीकडून विजेचा दाब वाढवा! ऐकायला हे अगदी पटण्यासारखं आहे. गफलत अशी, की दाब दुप्पट केला तर पलीकडचा प्रवाह दुप्पट होतो, पण तो चढायला आणि उतरायला लागणारा वेळ बदलत नाही. मिसळलेले ठोके मिसळलेलेच राहतात, फक्त मोठे होऊन मिसळतात. वर गटापर्चावर ताण येतो तो वेगळाच. घाईत असलेल्या कंपनीने व्हाइटहाउस यांचं ऐकलं. थॉमसन यांचा आग्रह पोचेपर्यंत बारीक तांब्याच्या तारेची ऑर्डर देऊन झाली होती. एका सागरी मैलाला १०७ पौंड तांबं आणि २६१ पौंड गटापर्चा, असं तिचं माप होतं.

तिची घडण घाईतच झाली. दोन कारखान्यांनी अर्धी-अर्धी तार बनवली. वरच्या लोखंडी तारांना एकाने एका दिशेने पीळ दिला आणि दुसऱ्याने उलट्या दिशेने, म्हणजे दोन्ही भाग सरळ जोडायचीही सोय राहिली नाही. काही तार उघड्यावर उन्हात पडून राहिली आणि गटापर्चा मऊ होऊन आतलं तांबं मधोमध राहिलं नाही. ऑगस्ट १८५७ मध्ये आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटाहून तार सोडायला सुरुवात झाली. काहीशे मैल गेल्यावर तार सोडणाऱ्या यंत्राचा ब्रेक जरा जास्त आवळला गेला आणि तार तुटून तळाला गेली.

पुढच्या वर्षी बेत बदलला. दोन जहाजांनी, इंग्रजांच्या ‘अॅगमेम्नॉन’ने आणि अमेरिकेच्या ‘नायगारा’ने, भर समुद्रात भेटायचं, तार जोडायची आणि विरुद्ध दिशांना निघायचं. जूनमध्ये तिकडे जाताना ‘अॅगमेम्नॉन’ अशा वादळात सापडलं की जहाज आता उलटतंच, असं वाटावं. कोळशाचे कप्पे फुटले, कोळशाचे ढीग डेकवर घरंगळू लागले, खलाशी जखमी झाले. डेकवर दोनशेहून जास्त टनांचं तारेचं वेटोळं होतं, ते सुटलं असतं तर जहाजाची एक बाजू घेऊनच गेलं असतं. या जहाजावर थॉमसन होते. खरं तर विजेची सगळी जबाबदारी व्हाइटहाउस यांची. प्रकृतीचं कारण सांगून ते किनाऱ्यावर राहिले आणि ज्याचं ऐकलं नव्हतं तो प्राध्यापक बिनपगारी त्यांच्या जागी समुद्रावर गेला. आपल्याला न पटलेली तार आपल्याच हातांनी समुद्रात सोडायला जाणं, यातलं मोठेपण मला वादळापेक्षा जास्त भिडतं.

जूनमध्ये तार पुन्हा पुन्हा तुटली. २९ जुलैला आणखी एकदा जोडली आणि या वेळी ५ ऑगस्टला दोन्ही जहाजं दोन किनाऱ्यांना लागली. न्यूयॉर्कमध्ये इतकी आतषबाजी झाली की सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली. उरलेल्या तारेचे तुकडे टिफनी या जवाहिऱ्याने आठवण म्हणून विकले. ब्राइटला २६ व्या वर्षी ‘सर’ किताब मिळाला.

तारेचा जीव मात्र तोवर खालावत चालला होता. ती आधीपासूनच सदोष होती. त्यात व्हाइटहाउस यांनी विजेचा दाब वाढवणारी पाच-पाच फुटांची वेटोळी लावून तिच्यात सुमारे २,००० व्होल्टचा दाब सोडला. कच्च्या जागी गटापर्चा जळत, फाटत गेला. येणारे संकेत प्रत्यक्षात वाचले जात होते ते थॉमसन यांच्या यंत्रावर. ऑगस्टमध्येच कंपनीने व्हाइटहाउस यांना काढून टाकलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला संदेश कळेनासे झाले आणि ऑक्टोबरमध्ये तार कायमची गप्प झाली.

त्या चार आठवड्यांत गेलेल्या एका तारेचा धागा आपल्याकडे येतो. १८५७ च्या उठावासाठी इंग्लंडने कॅनडातल्या दोन पलटणींना परत बोलावलं होतं. ऑगस्ट १८५८ पर्यंत ग्वाल्हेर इंग्रजांच्या हाती गेलं होतं, राणी लक्ष्मीबाई रणात पडल्या होत्या. तात्या टोपे अजून लढत होते, तरी लंडनच्या हिशेबी उठाव मोडला होता. ३१ ऑगस्टला समुद्राखालून हुकूम गेला, ६२ वी पलटण इंग्लंडला परत येणार नाही. तसाच दुसऱ्या पलटणीसाठीही गेला. या दोन ओळींनी सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले. साम्राज्य चालवणाऱ्यांना या तारेची किंमत तिथेच कळली. व्यापाऱ्यांना बाजारभाव हवे होते आणि सरकारला पलटणी हलवायच्या होत्या.

त्यानंतर लगेच तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे टाकलेली तारही बुडाली, आणि त्या योजनेला ब्रिटिश सरकारची हमी होती. आता चौकशी बसली. १८६१ मध्ये अहवाल आला. तोवर जगभर टाकलेल्या अकरा हजारांहून जास्त मैल समुद्री तारांपैकी जेमतेम तीन हजार मैल चालू होत्या. समितीने तार कशी बनवावी, कशी तपासावी, कशी सोडावी हे बारकाईने लिहून काढलं. आणि एक मूलभूत अडचण समोर आली. विजेच्या रोधाचं सर्वमान्य मापच नव्हतं. एका कारखान्याची तार दुसऱ्याशी ताडून बघायची तरी कशी? थॉमसन यांनी आधीच दाखवून दिलं होतं की तांब्याच्या शुद्धतेत जरा फरक पडला तरी वीज वाहण्यात मोठा फरक पडतो. त्याच वर्षी विजेच्या मापांसाठी एक समिती नेमली गेली. शाळेत आपण ज्याला ओहम म्हणतो ते प्रमाण माप तिच्या कामातून पक्कं झालं.

थॉमसन यांचं यंत्र जवळून बघण्यासारखं आहे. तारेच्या वेटोळ्यात रेशमाच्या एका धाग्याला इवलासा आरसा टांगलेला, आरशाच्या पाठीला चिमुकली लोहचुंबकं चिकटवलेली. या सगळ्याचं वजन नगण्य. समोरच्या दिव्याचा किरण आरशावर पडून दूरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका उमटवतो. वेटोळ्यातून अगदी क्षीण प्रवाह गेला तरी आरसा केसभर वळतो आणि ठिपका पट्टीवर सरकतो. डावीकडे सरकला की एक खूण, उजवीकडे सरकला की दुसरी. त्यामुळे ठोका लांब की आखूड हे बघत बसावं लागत नाही आणि प्रवाह पूर्ण उतरायची वाटही बघावी लागत नाही. एक ठोका पाठवल्यावर लगेच उलट दिशेचा छोटा ठोका दिला तर साठलेला भार लवकर निचरून जातो, हेही थॉमसन यांनीच सुचवलं. अंधाऱ्या खोलीत एक कारकून ठिपक्यावर नजर खिळवून अक्षरं बोलत जाई आणि दुसरा लिहून घेई.

फील्ड या काळात दिवाळखोर झाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडून पैसा येणं थांबलं. तरीही तो बोटीने इंग्लंडच्या खेपा घालतच राहिला, आणि प्रत्येक खेपेला त्याला बोट लागायची! १८६४ मध्ये पुन्हा भांडवल उभं राहिलं. नवी तार थॉमसन म्हणत होते तशी झाली. मैलाला ३०० पौंड तांबं, ४०० पौंड गटापर्चा. इतकी जड तार अख्खी पोटात घेईल असं जहाज जगात एकच होतं, ‘ग्रेट ईस्टर्न’. इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरने ते पूर्वेकडच्या लांब प्रवासांसाठी बांधलं होतं. लांबी २११ मीटर, बाजूंना चाकं, मागे पंखा, वर सहा डोलकाठ्या. चार हजार उतारू बसतील एवढं मोठं, पण तेवढे उतारू कधी मिळालेच नाहीत. मालकांचं दिवाळं वाजलं आणि ब्रुनेल १८५९ मध्येच वारला. रेल्वेचे इंजिनिअर डॅनियल गूच यांनी ते अवघ्या २५ हजार पौंडांत घेतलं आणि त्याच्या पोटात लोखंडी टाक्या बसवल्या. पाण्याने भरलेल्या त्या टाक्यांत तार गुंडाळून ठेवली.

जुलै १८६५ मध्ये जहाज निघालं. वाटेत तारेत लोखंडाच्या काड्या घुसलेल्या सापडल्या आणि कोणीतरी मुद्दाम करतंय अशी शंका आली. पुढे कळलं की वरच्या आवरणाच्याच ठिसूळ तारा तुटून आत घुसत होत्या. २ ऑगस्टला, दोन तृतीयांश वाट संपल्यावर, अशीच एक दुरुस्ती करताना तार तुटली आणि साडेतीन-चार किलोमीटर खोल पाण्यात गेली.

कॅप्टन जेम्स अँडरसन आणि त्याच्या माणसांनी पाच नख्यांचा गळ काढला, दोर लावला आणि समुद्रात सोडला. तळाला टेकायलाच त्याला सुमारे दोन तास लागायचे. सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा ठरवायची, तारेच्या रेषेला आडवं जायचं आणि बोटाएवढ्या जाडीची ती तार चिखलात गळाला अडकते का बघायचं. आणि ती अडकली! एकदा नव्हे, तर अनेकदा. दरवेळी वर ओढताना दोर किंवा दोराच्या कड्या तुटल्या, शेवटी दोरच संपला. मोकळ्या हातांनी परतताना त्यांच्याकडे एक पक्की माहिती होती, की एवढ्या खोलीतली तार गळाला लागते.

१३ जुलै १८६६ ला जहाज नवी तार घेऊन पुन्हा निघालं आणि २७ जुलैला न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंट या गावी बिनघोर पोचलं. मिनिटाला सहा-आठ शब्द जाऊ लागले. दर होता २० शब्दांना २० पौंड. काम झालं होतं, तरी जहाज परत फिरलं आणि आदल्या वर्षी हरवलेली तार शोधू लागलं. तीसेक वेळा गळ टाकल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री ती डेकवर आली. टोक तपासणीच्या खोलीत नेलं. तिकडे व्हॅलेन्शियात वर्षभर एक कारकून रोज त्या मुक्या तारेसमोरचा ठिपका बघत बसलेला. ठिपका हलला, त्याने उत्तर दिलं. फील्ड आपल्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून रडला, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. त्या तारेला पुढचा भाग जोडून तीही किनाऱ्याला लावली. आता दोन तारा झाल्या.

त्याच महिन्यात लॅटिमर क्लार्क या इंजिनिअरने एक प्रयोग केला. न्यूफाउंडलंडच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडायला सांगितल्या, म्हणजे आयर्लंडहून निघालेली वीज समुद्र दोनदा ओलांडून आयर्लंडलाच परत येईल. मग शिवणकामाचं चांदीचं टोपण घेतलं, त्यात आम्लाचे काही थेंब टाकले, जस्ताचा छोटा तुकडा बुडवला. झाली बॅटरी. तेवढ्या विजेने आरशावरचा ठिपका स्पष्ट हलला. व्हाइटहाउस यांचे २,००० व्होल्ट जे करू शकले नव्हते ते एक व्होल्टभर विजेने केलं.

यानंतर चार वर्षांत ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईला आलं. तोवर हिंदुस्थानची तार इराणचं आखात आणि तुर्कस्तानमार्गे जात होती. मधल्या ठाण्यांवर इंग्रजी न कळणारे तारमास्तर शब्दांची मोडतोड करत आणि निरोप पोचायला कित्येक दिवस लागत. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळून ज्या शहरातल्या पेढ्या धडाधड बुडाल्या, त्या मुंबईला परदेशची बातमी लवकर कळण्याचं मोल वेगळं सांगायला नको होतं. मँचेस्टरचे कापडव्यापारी जॉन पेंडर यांनी मुंबई समुद्राखालून इंग्लंडला जोडण्याचं काम अंगावर घेतलं. फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ने कॅप्टन रॉबर्ट हॅल्पिन यांच्या हाताखाली मुंबईहून एडनकडे तार सोडली, सुमारे १,८०० सागरी मैल. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून जहाजाला पांढरा रंग दिला होता. तिथून तांबडा समुद्र, माल्टा, जिब्राल्टर करत ती कॉर्नवॉलच्या पोर्थकर्नो गावी इंग्लंडला लागली. २३ जून १८७० ला पेंडर यांच्या लंडनच्या घरी समारंभ झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्याशी तारांची देवाणघेवाण झाली. उत्तरं काही मिनिटांत येत होती.

आज मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल येऊन लागतात. त्यांत तांब्याऐवजी काचेचे धागे असतात आणि उजेडाचे ठोके जातात. उजेडही लांब वाटेवर क्षीण होत जातो, म्हणून ठरावीक अंतरावर तो वाढवणारी यंत्रं समुद्रतळाशीच बसवलेली असतात आणि त्यांना लागणारी वीज त्याच केबलमधून तांब्याने पोचवली जाते. जहाजाच्या नांगराने किंवा भूकंपाने अशी केबल तुटली की दुरुस्तीचं जहाज निघतं. तुटल्याची जागा यंत्रांनी नेमकी कळते. पाणी फार खोल असेल तर पुढचं काम आजही अँडरसनच्या माणसांनी केलं तसंच करतात. दोराला गळ लावून तळाला सोडतात आणि केबलच्या रेषेला आडवं जहाज नेत ती अडकेपर्यंत ओढत राहतात.